न कळणाऱ्यांची पंगत

ओबेद रणभिसे पाळक झाला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याला सगळं कळत होतं.

कागलजवळच्या एका खेड्यात त्याचा बाप मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. पोरगं पुण्याहून ईश्वरविज्ञानाची पदवी घेऊन आलं, पवित्र शास्त्र मूळ ग्रीकमधून वाचायला लागलं, तेव्हा त्या बापानं दवाखान्यात आलेल्या प्रत्येक रोग्याला औषधाच्या पुडीबरोबर पेढा दिला. पुढं कोल्हापुरातल्या एका जुन्या चर्चच्या मंडळीनं ओबेदला पाळक म्हणून बोलावलं. त्याचे उपदेश मुद्देसूद असत. सुशिक्षित कुटुंबं खूश होती. म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, साहेब बोलत्यात झकास, पर डोक्यावरनं जातंय.

पहिल्याच वर्षी, म्हणजे २००२ साली, त्यानं दृढीकरणाचा वर्ग घेतला. लहानपणी बाप्तिस्मा झालेली मुलं पंधरा-सोळा वर्षांची झाली की या वर्गात बसतात, प्रश्नोत्तरं पाठ करतात, मंडळीच्या पंचांपुढं तोंडी परीक्षा देतात. मगच त्यांना प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट मिळतो. त्या वर्षी वर्गात बारा जण होते. बारावी मोना.

मोना ही तानाबाई आवळेंची एकुलती एक लेक. वय सतरा, पण आईचा पदर धरून चालायची. चेहरा गोल, डोळे बारीक, जीभ जड. डाऊन सिंड्रोम आहे हे डॉक्टरांनी ती जन्मली त्याच दिवशी सांगितलं होतं. ती दोन वर्षांची असताना बाप इचलकरंजीला मागावर कामाला म्हणून गेला तो गेलाच. तानाबाई एका प्रसूतिगृहात आया होती. आठवडाभर दुसऱ्यांची बाळं न्हाऊ-माखू घालायची आणि रविवारी मोनाची वेणी घालून तिला चर्चला आणायची. दोघी दुसऱ्या बाकावर बसत. गाणं सुरू झालं की मोना प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तेवढा म्हणायची, तोही सगळ्यांचा म्हणून झाल्यावर. मंडळी श्वास घ्यायला थांबायची आणि त्या जागेत तिचा एकटीचा आवाज यायचा.

परीक्षेला चाळीस प्रश्न होते. मोनाला एकाचंही उत्तर पाठ नव्हतं. पंचांमध्ये विजयसिंह चौगुले होते, जिल्हा परिषदेत नोकरीला, नियमाला पक्के. त्यांनीच तिला विचारलं, "प्रभुभोजन म्हणजे काय?"

"ज्येवायचं," मोना म्हणाली.

मुलं फिसकन हसली. चौगुल्यांनी ओबेदकडं पाहिलं. ओबेदनं यादीत तिच्या नावावर रेघ मारली.

शनिवारी त्यानं तानाबाईला चर्चच्या मागच्या खोलीत बोलावून घेतलं.

"तानाबाई, मोनाला या वेळी घेता यायचं नाही."

"का वो?"

"हे पवित्र आहे. न कळता घेणं बरं नव्हे. मी तिच्याच भल्यासाठी सांगतोय."

तानाबाई म्हणाली, "मला तरी कुठं समदं कळतंय? मी घेतेच की. आन तुमास्नी कळतंय व्हय समदं?"

ओबेद समजूतदारपणे हसला. त्या वयात तसं हसता येतं.

दुसऱ्या दिवशी अकरा मुलं पुढं रांगेत उभी राहिली. भाकरीची थाळी घेऊन ओबेद पहिल्या मुलापाशी आला तेव्हा त्याला दिसलं, रांगेच्या टोकाला मोना येऊन उभी आहे. पिवळा फ्रॉक, आईनं घरी शिवलेला, गळ्याशी जरा ओढलेला. दोन्ही हात पुढं, ओंजळ केलेली. आईनं तिला सांगितलं नसावं, किंवा सांगितलेलं तिनं मानलं नसावं. ओबेद एकेकाला देत टोकापर्यंत आला, मोनाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वादाचे दोन शब्द बोलला आणि थाळी घेऊन वळला.

मोनाला वाटलं, साहेब विसरले. ती त्याच्या मागं चालत गेली आणि तिनं त्याचा झगा ओढला.

"पास्टर, मी ऱ्हायले की."

चर्चमध्ये हशा पिकला. वाईट नव्हता तो हशा. लहान मुलानं काही बोलावं आणि लोकांनी हसावं तसला होता. चौगुले उठले, मोनाचा दंड धरून त्यांनी तिला बाकावर नेऊन बसवलं. ती रडली नाही. ओंजळ तशीच धरून बसली. तानाबाईच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं, आणि शेवटचं गीत सुरू व्हायच्या आत मायलेकी उठून निघून गेल्या.

त्या दुपारी चौगुल्यांकडं मटणाचं जेवण होतं. ओबेद पोटभर जेवला आणि घरी जाऊन झोपला. रात्रीही त्याला गाढ झोप लागली.

मायलेकी पुन्हा आल्या नाहीत. महिन्याभरानं हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं चौकशी केली. कुणी म्हणालं, दुसऱ्या मंडळीत जात असतील. त्यानं सभासदांच्या नोंदवहीत दोघींच्या नावांपुढं 'स्थलांतर' असा शेरा लिहिला.

सात वर्षांनी ओबेद डॉक्टरेटसाठी बेंगळुरूला गेला. तिथं एक बाई चाकाच्या खुर्चीत बसून शिकवायच्या. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः कुणाला दारातून परत पाठवलंय?" वर्गात सगळे पाळकच होते.  बाई म्हणाल्या, "लिहून आणा."

ओबेदला मोना आठवली. रात्री लिहायला बसला तेव्हा त्याला खरंच वाईट वाटलं. पण लिहिता लिहिता आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, की हे चांगलं उतरतंय. पिवळा फ्रॉक पांढरा झाला, कारण पवित्रतेला पांढरा शोभतो. मोनाच्या गालावरून आसवं ओघळली. तिचं नाव मेरी झालं. आणि शेवटी त्यानं लिहिलं : त्या रात्री मला झोप लागली नाही.

वर्गात त्यानं ते वाचलं तेव्हा दोघा-तिघांनी डोळे पुसले. बाई फक्त म्हणाल्या, "पुढं लिहा."

त्यानं लिहिलं, आणि हे मात्र कबूल करायला हवं, की जे लिहिलं ते मोलाचं होतं. त्याचा मुद्दा साधा होता. पहिल्या प्रभुभोजनाला जे बारा जण बसले होते त्यांतल्या एकालाही काय चाललंय ते कळलं नव्हतं. एक जण प्रभूला विकून आला होता, दुसरा पहाटेपर्यंत त्याची ओळख नाकारणार होता, बाकीचे आपल्यांत मोठा कोण म्हणून भांडत होते. भाकर सगळ्यांना मिळाली. मग कळण्याची अट घातली कुणी? ती घातली शिकलेल्यांनी, कारण ती त्यांना स्वतःला पुरी करता येत होती. शिवाय प्रभू मरणातून उठला तो हातावरच्या जखमा घेऊनच उठला, त्या बुजवून नव्हे. मग अधू देह म्हणजे अपुरा देह असं मंडळी कुठल्या तोंडानं म्हणते? प्रबंधाचं पुस्तक झालं, 'न कळणाऱ्यांची पंगत'. पहिलं प्रकरण मेरीचं. ते वाचून लोक पत्रं पाठवत. त्याला केरळला बोलावलं, शिलाँगला बोलावलं. सगळीकडं तो पहिलं प्रकरण वाचून दाखवी, आणि शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज कापरा होई. पहिल्यांदा आपोआप झाला होता, पुढं पुढं वेळेवर होऊ लागला.

२०१६ साली त्याच जुन्या मंडळीनं त्याला परत बोलावलं. आता तो रेव्हरंड डॉक्टर होता. शाल, नारळ, हार झाला. चौगुले आता निवृत्त होते आणि पंचांचे प्रमुख झाले होते. सत्काराच्या भाषणात ते म्हणाले, "अशा मोठ्या विद्वानाला घडवण्यात आपल्या मंडळीचाही वाटा आहे." त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं.

ओबेदनं काम मात्र जीव तोडून केलं. चर्चच्या हॉलमध्ये त्यानं दर शनिवारी अपंग मुलामाणसांची आणि त्यांच्या घरच्यांची बैठक सुरू केली. जातधर्म विचारायचा नाही. दुपारी आमटी-भात, एखादा गोड पदार्थ. मुलांना व्यायाम शिकवायला एक बाई येत. आणि मुलांच्या आयांना दोन तास कुणीही काही काम सांगायचं नाही, एवढाच नियम. काही आया त्या दोन तासांत नुसत्या भिंतीला टेकून झोपायच्या. अपंगत्वाच्या सरकारी प्रमाणपत्रासाठी रांगा लागायच्या, तिथं ओबेद स्वतः जाऊन उभा राहायचा. इचलकरंजीहून वर्षाराणी भोरे यायची, मंडळीचीच सभासद. नवरा पाळीनं मागावर, आणि चौदा वर्षांची लेक स्नेहल, जिला बोलता येत नव्हतं, मान धरता येत नव्हती. वर्षाराणी तिला एसटीतून मांडीवर घेऊन यायची. ती म्हणायची, "साहेब, आठ दिसातनं एकदा मला मानूस असल्यागत वाटतंय बघा."

ओबेदची बायको अनुजा शाळेत शिकवायची. पुस्तक तिनं टाइप करून दिलं होतं. कोल्हापुरात आल्यापासून ती त्याला एकच विचारायची, "तानाबाईंकडं गेलात का?"

"जाईन."

"दोन वर्षं झाली."

"पत्ता शोधतोय."

"अहो, बावड्यात राहतात त्या. आमच्या शाळेच्या मावशीनं सांगितलं. तुम्हाला पत्ता नकोय, धीर हवाय."

शेवटी तो गेला. पिशवीत पुस्तकाची एक प्रत घेऊन गेला. पहिल्या पानावर त्यानं लिहिलं होतं : 'मोना आणि तिच्या आईस, कृतज्ञतापूर्वक.'

कसबा बावड्यात एका बोळात तानाबाईची खोली होती. ती दारात बसून लसूण सोलत होती. केस पांढरे, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. तिनं त्याला ओळखलं.

"या, पाळकसाहेब. बसा."

तो पायरीवर बसला. "मोना कुठाय?"

"गेली की. पाच वरसं झाली. काळीज मोठं झालंतं तिचं, डाक्टर म्हनलं."

 ओबेदनं पिशवीतून पुस्तक काढून तिच्यापुढं धरलं. आपण काय करतोय ते त्याला धरल्यावर कळलं, पण तोवर उशीर झाला होता.

"ह्यात काय हाय?"

"मोनाबद्दल आहे. सुरुवातीलाच. माझी चूक लिहिली आहे मी."

"मग वाचा की. मला वाचाय येत न्हाय."

त्यानं वाचलं. इतक्या सभांमधून वाचलेलं ते प्रकरण. त्या बोळात मात्र त्याचं प्रत्येक वाक्य त्याला फुगलेलं वाटू लागलं. तानाबाई लसूण सोलता सोलता ऐकत होती.

"मेरी कोन?"

"मोनाच. नाव बदललंय."

"का? ती काय चोर व्हती?"

तो पुढं वाचू लागला.

"थांबा. पांढरा न्हवता फ्राक. पिवळा व्हता. मी शिवलाता, रात-रात बसून." तिनं सोललेली पाकळी वाटीत टाकली. "आन ती रडली न्हाय. मी रडले. ती का रडंल? तिला वाटलं, तुमी माघारी येशिला."

ओबेदनं मान खाली घातली.

"शेवट काय केलाय?"

त्यानं शेवटचं वाक्य वाचलं. आवाज कापला नाही.

"त्या राती तुमास्नी झोप लागली न्हाय. खरं हाय?"

बोळातून एक दुधाची मोटरसायकल कॅन वाजवत गेली. ती जाईपर्यंत तो गप्प बसला, आणि गेल्यावरही गप्पच बसला.

"बरं," तानाबाई म्हणाली. "आता माझं ऐका. त्या रविवारनंतर ती घरात चर्च-चर्च खेळायची. भाकरी मोडायची, शेजारच्या पोरास्नी रांगंत बशीवायची, एकेकाच्या हातावर तुकडा ठिवायची. मी म्हनायची, मोने, तू खा की. तर म्हनायची, 'आपल्याला न्हाय. आपल्याला कळत न्हाय.' अकरा वरसं खेळली. एकदाबी सवताला घेतला न्हाय." तिनं वाटी बाजूला सारली. "दवाखान्यात शेवटला एक पाळक आलता, परका. चांगला मानूस. त्यानं काय इच्यारलं न्हाय, तुकडा काडला आन तिच्या व्हटाला लावला. तिनं त्वांड मिटून घेटलं. गच्च. म्या किती इनवलं. मान हलवत ऱ्हायली."

ओबेदच्या हातातलं पुस्तक उघडंच होतं.

"तुमी एक डाव शिकिवलंसा, तिनं मरस्तवर ध्येनात ठिवलं," तानाबाई म्हणाली. "आन म्हनं तिला कळत न्हाय."

पुस्तक मिटून तो म्हणाला, "तानाबाई, मला माफ करा."

तिनं चष्मा वर करून त्याच्याकडं पाहिलं. "माफी मागाय आलायसा, का पुस्तकाला शेवटलं पान पायजे म्हनून?"

बोळात शिरल्यापासून त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यात वाक्यं जुळत होती, आणि ती अजूनही जुळत होती.

निघताना ती म्हणाली, "पुस्तक घिऊन जावा."

त्या वर्षीच्या वार्षिक सभेत ओबेदनं ठराव मांडला. बाप्तिस्मा झालेला जो कोणी हात पुढं करील, किंवा ज्याच्यासाठी त्याच्या घरचं कुणी हात पुढं करील, त्याला प्रभुभोजन द्यावं. परीक्षेची अट नको. दोन तास चर्चा झाली. शनिवारच्या बैठकीचं सगळ्यांनी कौतुक केलं. मग चौगुले उठले.

"साहेब, तुमचं काम थोर आहे. शनिवारी त्यांना जेवू घाला, कोण नको म्हणतंय? पण रविवारची गोष्ट वेगळी. मग बाकीच्या पोरांनी चाळीस उत्तरं कशाला पाठ करायची?"

"तुम्हाला ती उत्तरं येतात का चौगुले, आत्ता?"

"तेव्हा येत होती."

लोक हसले. ठराव पडला. बाजूनं नऊ मतं, विरुद्ध एकाहत्तर. नऊंत अनुजा होती, वर्षाराणी होती. शनिवारी हॉलमध्ये आमटी वाढायला येणाऱ्या बायांपैकी बऱ्याच जणींनी विरुद्ध मत दिलं, आणि सभा सुटल्यावर त्याच बाया त्याला म्हणाल्या, "साहेब, मनाला लावून घेऊ नका हं."

पुढच्या ईस्टरला, पुनरुत्थानाच्या सणाला, वर्षाराणी स्नेहलला कडेवर घेऊन रांगेत आली. ओबेदनं भाकरीचा कण रसात बुडवला आणि त्या पोरीच्या जिभेवर ठेवला. तिला गिळायला वेळ लागला. रस ओघळून हनुवटीवर आला, तो त्यानं आपल्या झग्याच्या बाहीनं टिपला. त्याच्या साऱ्या पाळकपणात त्याला स्वतःला खरं वाटलेलं असं तेवढं एक काम. चर्चमध्ये कुणी हसलं नाही. मागच्या बाकांवरून दहा-बारा माणसं मात्र उठून बाहेर गेली.

तक्रार वर गेली. चौकशी अशी काही झाली नाही. वरिष्ठ फार गोडीनं बोलले. "तुम्ही लेखक माणूस. तुम्हाला शांतता हवी. गगनबावड्याकडं आपली एक लहान मंडळी आहे, अकरा घरं. तिथं लिहा." बदलीच्या पत्रात 'संशोधनास वाव मिळावा म्हणून' असं कारण दिलं होतं. शनिवारची बैठक नव्या पाळकांनी चार महिने चालवली. मग हॉलची दुरुस्ती निघाली, आणि दुरुस्तीनंतर हॉल वाढदिवसांना आणि बारशांना जाऊ लागला. वर्षाराणीचा फोन यायचा, तो पुढं पुढं कमी झाला. स्नेहलचं वजन वाढलं होतं, तिला एसटीत चढवणं आता एकटीला जमत नव्हतं.

गगनबावड्याला जून ते सप्टेंबर ऊन दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते. तिथं बसून ओबेदनं दुसरी आवृत्ती तयार केली. मेरीची मोना केली, तिच्या आईचंही खरं नाव घातलं. फ्रॉक पिवळा केला. 'ती रडली नाही, तिची आई रडली' असं लिहिलं. शेवटचं वाक्य खोडून लिहिलं : 'त्या रात्री मला गाढ झोप लागली, आणि पहिल्या आवृत्तीत मी खोटं लिहिलं.' प्रकाशकाचा फोन आला, हे काढूया, वाचकाचा विश्वास उडेल. तो हटला नाही. मोनानं तोंड मिटून घेतल्याचं मात्र त्यानं लिहिलं नाही; तेवढं तानाबाईचं तिच्यापाशी राहू दिलं.

त्याला वाटलं होतं, आता आपलं नाव जाईल. झालं उलटंच. धैर्यशील कबुली म्हणून परीक्षणं आली. एका संस्थेनं पुरस्कार दिला. तो घ्यायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं, अनुजालाही तसं सांगितलं होतं, आणि तरी तो गेला, हार गळ्यात घालून घेतला. परतताना गाडीत अनुजा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमची चूकसुद्धा तुम्हाला पावते." 

नव्या आवृत्तीची प्रत त्यानं तानाबाईला पोस्टानं पाठवली. पोच आली, पत्र आलं नाही. पत्र लिहायला तिला येत नव्हतं, आणि येत असतं तरी तिनं लिहिलं नसतं हे त्याला ठाऊक होतं.

आता ते प्रकरण ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासक्रमात लावलं आहे. गेल्या ऑगस्टमध्ये एका विद्यार्थ्याचा फोन आला. मुलगा अदबीनं बोलत होता, तयारीचा वाटला.

"सर, आमचा प्रकल्प आहे, 'पाळकीय चूक आणि पश्चात्ताप'. तानाबाईंची मुलाखत मिळाली तर फार बरं होईल. त्यांचा पत्ता द्याल?"

"नाही."

"दहाच मिनिटं, सर. त्यांची बाजूही यायला हवी ना?"

ओबेद खिडकीपाशी उभा होता. बाहेर इतकं धुकं होतं की समोरची शाळा दिसत नव्हती.

"त्यांना कुणाला भेटायचं नाही," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

हे त्यानं तानाबाईला विचारलं नव्हतं.